बालवाडीची बांधी

तांदूळ कुठून येतो, असं बालवाडीत विचारल्याबरोबर माझ्या मुलीनं, सुजातानं, उभं राहून खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “पिंपातून.” बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या इश्वरला मात्र ते पटलं नाही. “आमच्या घरी पोत्यातून येते,” तो म्हणाला, आणि या मतभेदावरून दोघांची जुंपली. सुजाताची रिबन गेली, इश्वरच्या सदऱ्याची गुंडी गेली, प्रश्न तसाच राहिला.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्यातली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे जिथं खिडकी उघडली की धान, दार उघडलं की धान, आणि पाहुण्याला एसटीपर्यंत पोचवायला गेलं तर वाटेच्या दोन्ही अंगांना धान. पण आमची वसाहत एकोडीच्या अलीकडे, मुरमाड माळावर, पाटबंधारे खात्यानं कालव्याच्या कामासाठी उभारलेली. कौलारू क्वार्टरांच्या दोन रांगा, एका टोकाला ऑफिस, त्यामागे विश्रामगृह, आणि मध्ये पाण्याची उंच टाकी. इथली पोरं पायात चप्पल घालून अंगणात यायची आणि चप्पल मळली म्हणून आईच्या हातचा मार खायची. चिखल त्यांनी लांबून पाहिलेला.

बालवाडी वसाहतीच्या महिला मंडळाची आणि ती चालवणारी माझी बायको, वच्छला; पोरांचा खाऊ करायला मदतीला आनंदाबाई. संध्याकाळी तिनं हा तांदळाचा किस्सा सांगितला तेव्हा मी हसलो. ती हसली नाही.

“धानाले पाणी द्याच्या खात्यात नोकरी करता, अन् पोरगी म्हणते पिंपातून येते. लाज नाही वाटत?”

तोपर्यंत वाटली नव्हती, पण आता वाटणं भाग होतं. शिवाय त्याच आठवड्यात मी रेडिओवर एक भाषण ऐकलं होतं. लहान मुलांना चार भिंतींच्या बाहेर न्या, मातीत हात घालू द्या, काम करता करता ती आपोआप शहाणी होतात, असं त्यातल्या विद्वान बाईंचं म्हणणं. मी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की, बालवाडीची पोरं स्वतः धान पिकवतील. क्वार्टरांमागे एक सखल तुकडा होता, पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं आणि बेडकं रात्रभर सभा भरवायची. त्या तुकड्याला चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध घातला की झाली बांधी. आमच्याकडे धानाच्या वावराला बांधी म्हणतात. ही अंगणाएवढीच असणार होती. छोटंसं काम. असं मला वाटलं.

पहिले आले पुंडलिकराव. हे इश्वरचे वडील, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि खात्यात ओव्हरसियर. ज्याला ओव्हरसियर शेजारी लाभला त्याला घरात साधा खिळाही आपल्या मनानं ठोकता येत नाही.

“आनंदराव, लेव्हल घेतली का?” त्यांनी विचारलं.

“अंगणाएवढी तर जागा आहे, पुंडलिकराव.”

“पाणी कोनाच्या बापाचं आयकत नाही. पाणी लेव्हलचं आयकते.”

आणि पुढच्या रविवारी ते तिपाई, दुर्बीण आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घेऊन हजर झाले. त्यांनी मला काठी धरून उन्हात उभं केलं. इकडे सरका, तिकडे सरका, श्वास रोखून धरा. पोरांना दुर्बिणीत एकेकदा पाहू दिलं. त्यात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे बालवाडीतल्या प्रत्येक मुलानं मला डोक्यावर उभं असलेलं पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस ती पोरं माझ्याकडे बघून हसत होती. त्याच्या पुढचाही रविवार लेव्हलमध्येच गेला. निष्कर्ष असा निघाला की बांधी फुटली तर पाणी पुंडलिकरावांच्या स्वयंपाकघरात जाईल. म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा धुरा दुप्पट जाड घालून घेतला. पुढे आषाढात खरोखरच धुरा फुटला, तेव्हा पाणी लेव्हलचं न ऐकता आमच्या स्वयंपाकघरात आलं. 

दुसरे आले भैयाजी. भैयाजी आमच्या ऑफिसचे बडे बाबू. त्यांनी दुर्बीण आणली नव्हती, पण त्यांना दुर्बिणीशिवायच लांबचं दिसायचं.

“जागा सरकारी हाय,” ते म्हणाले. “सरकारी जागेवर पीक घेनं म्हंजे अतिक्रमन. आपल्याच खात्याच्या मानसानं केलं तर डबल अतिक्रमन. अर्ज करा.”

मी अर्ज केला. बालवाडीच्या मुलांना प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्यासाठी वसाहतीमागील पडीक जागा एका हंगामापुरती वापरू द्यावी, असा. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी त्यावर ‘नियमाप्रमाणे तपासून सादर करा’ असं लिहून तो संबंधित टेबलाकडे धाडला. संबंधित टेबल माझं होतं.

“भैयाजी, हा तर माझाच अर्ज माझ्याकडे आला.”

“तुमच्याकडे नाही आला. टेबलाकडे आला,” भैयाजी म्हणाले. “दहा ते साडेपाच तुमी आनंदराव नाही, टेबल हाव. टेबलाले बायकापोरं नसतात. हरकती काहाडा.”

तेव्हा मी टेबल या नात्यानं माझ्या अर्जावर हरकती काढल्या. अर्जदाराने पाण्याचा स्रोत नमूद केलेला नाही. जादा पाण्याच्या निचऱ्याबद्दल मौन बाळगले आहे. मग घरी जाऊन अर्जदार या नात्यानं चिडलो, आणि जरा तिखट शब्दांत उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून ते वाचलं तेव्हा मला त्या अर्जदाराचा खरंच राग आला. मी त्याला भाषा सौम्य ठेवण्याबद्दल समज दिली.

“हे कोनाशी भांडून राहिले?” वच्छलानं विचारलं, कारण मी जेवतानाही पुटपुटत होतो.

“माझ्याशी.”

“मंग तुमी जिंकाल,” ती म्हणाली. अशा गोष्टी ती चेहरा न हलवता म्हणते.

शेवटी परवानगी आली. अट एकच, की कालव्याचं पाणी मिळणार नाही. ती अट मीच सुचवली होती. टेबल म्हणून.

तिसऱ्या आल्या माझ्या सासूबाई. बायजाबाई. आसगावहून, धानाच्या रोपांच्या जुड्या घेऊन. या रोपांना पऱ्हे म्हणतात. एसटीत जुड्या मांडीवर, बोचकं डोक्यावर, आणि कंडक्टरला वाटभर व्याख्यान, असा त्यांचा प्रवास झाल्याचं मागाहून कळलं. दारातच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“जयभीम, जवाईबापू. कुठी हाय तुमची बांधी?”

मी अभिमानानं मागे नेलं. त्या कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. 

“हे बांधी हाय,” त्या अखेर म्हणाल्या, “का बैल धुवाचा खड्डा?”

जावयाच्या मानाचं काय असतं ते आमच्याकडे लग्नात पाहावं. लग्नानंतर ते पाहायला मिळत नाही.

चिखल तुडवायला बैल नव्हते, म्हणून सासूबाईंनी बालवाडी आत सोडली. मी आधी पोरांना चिखलाचं महत्त्व समजावून सांगणार होतो, चार मुद्दे काढूनही ठेवले होते, पण पहिल्या मुद्द्यालाच कोणीतरी मागून ओढलं आणि मी स्वच्छ पँटसकट बसलो. ज्या पोरांनी मला डोक्यावर उभं असलेलं पाहिलं होतं, त्यांना हे अगदी सरळ वाटलं असणार. त्यांच्या आया मात्र कुंपणापाशी उभ्या राहून किंचाळत होत्या. निर्मलाबाई, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नी, सगळ्यांत पुढे.

“अवो बाई, माह्या इश्वरले सर्दी होते! त्याले चिखल चालत नाही!”

इश्वर तोवर कानापर्यंत चिखलात होता आणि त्याला तो उत्तम चालत होता.

रोवणा झाला. कोणी पऱ्हे उलटे लावले, कोणी गोलात लावले. पुंडलिकराव दोरी घेऊन आले आणि रांग सरळ असली पाहिजे म्हणू लागले. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, “रांग तुमच्या कागदावर पाहा, भाऊ. धानाले रांग वाचता येत नाही.” चौथ्या दिवशी माना टाकलेले पऱ्हे उभे राहिले, आणि सासूबाई, ज्या रोवण्यापुरत्या आल्या होत्या, त्या राहूनच गेल्या. त्यांच्या राहण्याचा एक परिणाम अपेक्षित नव्हता. बैल हाकताना वापरायचे सगळे शब्द पोरांनी उचलले. निर्मलाबाईंच्या घरी पाहुणे आले असताना इश्वरनं आपल्या सख्ख्या मामाला “हट् मुर्द्या, सरक” म्हटलं. तक्रार माझ्याकडे आली. मी ती, सवयीनं, तपासून घेतो म्हणालो.

पण एक सांगतो. पोरं बदलत होती, आणि ते आम्हां मोठ्यांना दिसत असूनही कोणी बोलून दाखवत नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या ती बांधीवर जायची. धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं असेल तर ओंजळभर माती घेऊन बुजवायची. शेळ्या हाकायच्या पाळ्या त्यांनीच ठरवल्या आणि त्या पाळ्यांवरून भांडायची पाळीही ठेवली. इश्वरला आपल्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. काटेरी कुंपणाच्या काड्या बांधायच्या म्हणून तो गाठ मारायला शिकला, आणि मग एक दिवस निर्मलाबाईंनी पाहिलं की नाडीही त्यानंच बांधलीय. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे वाटीभर लोणचं पाठवलं.

भादव्यात पावसानं दडी मारली.

आठ-दहा दिवस गेले. बांधीतलं पाणी आटलं, चिखल सुकला, आणि मधोमध केसाएवढी भेग पडली. धान पोटरीत आलेलं, म्हणजे लोंबी आत तयार होत असते. त्या वेळी पाणी नसलं तर पुढे नुसतं तणस, म्हणजे पेंढा उरतो, हे सासूबाईंनी पोरांना सांगून ठेवलं होतं. पोरांनी घराघरातून पेले, तांबे, डबे आणून ओतायला सुरुवात केली. वसाहतीची टाकी दुपारीच रिकामी झाली. निर्मलाबाईंच्या डोक्याला शिकेकाई लावलेली असताना नळ गेला. संध्याकाळी मोठ्यांची सभा भरली आणि टाकीचं पाणी बांधीला देऊ नये, असा ठराव झाला. मी सूचक होतो, कारण मला दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. सुजाता आरशाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली.

“बाबा, पाणी कोण देते?”

“बाजूला हो, लागेल.”

“कोण देते?”

“साहेब देतात. त्यांना जाऊन मागावं लागतं,” मी म्हणालो आणि गालावर कापून घेतलं.

दुपारी मी ऑफिसात असताना वच्छला धावत आली. ती कधी ऑफिसच्या पायरीवरही चढत नाही. ती आत आली आणि थेट माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

“पोरं नाहीत,” ती म्हणाली.

“कोणती पोरं?”

“सगळीच. आनंदाबाई सुकडी कराले आत गेली, मी हजेरी आनाले घरी गेली. वापस आली तं कोनीच नाही. बांधीवर नाही. कोनाच्या घरी नाही.”

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. सगळं ऑफिस उठलं. शिपाई, ड्रायव्हर, ट्रेसर, भैयाजीसुद्धा, जे आगीच्या सरावालाही उठत नसत. कोणी एसटीच्या थांब्याकडे पळाले, कोणी कालव्याकडे. पुंडलिकराव ओरडून सांगत होते की इलाखा चार भागांत वाटा, आणि सांगता सांगता स्वतःच एकीकडे धावत सुटले. भैयाजींनी मला धावता धावता बजावलं की पोलिसांत द्यायचं तर प्रत्येक मुलाची ओळखीची खूण लागेल. मला सुजाताची खूण आठवेना. पाच वर्षं जी मुलगी माझ्या ताटात जेवली, तिच्या अंगावर कुठं तीळ आहे हे मला सांगता आलं नसतं.

वसाहतीच्या मागे, शेताडीच्या पलीकडे तलाव आहे. मालगुजारांच्या काळातला. पाणी कमी झालं होतं, पण काठचा गाळ बैल गिळेल असा. तिथं काठावर एक चप्पल पडलेली होती. लहान, लाल पट्ट्याची.

निर्मलाबाईंनी ती ओळखली. त्या किंचाळल्या नाहीत. ती चप्पल उचलून त्यांनी पदराला पुसली आणि खाली बसल्या. पुंडलिकराव कपड्यांसकट तलावात शिरले. त्यांना पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून ते इश्वरला हाका मारत होते आणि हातानं पाणी चाचपत होते. त्यांच्यामागून ड्रायव्हर गेला, शिपाई गेले, भैयाजी धोतर खोचून कंबरेपर्यंत गेले. सासूबाई काठाकाठानं माझ्याकडे आल्या. त्यांनी माझा दंड धरला.

“जवाईबापू, मीच त्याईले पान्याचं वेड लावलं,” त्या म्हणाल्या. “मीच.”

“नाही, आई,” मी म्हणालो. त्यांना आई म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. “मी टेलिफोन करून येतो. पोलिसांना कळवतो.”

टेलिफोन फक्त साहेबांच्या खोलीत होता, आणि त्यांना कळवायचं गडबडीत सगळेच विसरले होते. मी ऑफिसकडे पळत सुटलो. पळताना एका पायातला बूट गाळातच राहिला. ऑफिसात माणूस नव्हतं. पंखे चालू होते, कागद उडत होते. साहेबांच्या दारावर टकटक करायची असते, आत येऊ का विचारायचं असतं, हे सगळं नोकरीत पहिल्यांदा विसरून मी दार ढकललं.

आणि समोर बालवाडी बसली होती.

सोफ्यावर मावतील तेवढी सोफ्यावर, उरलेली सतरंजीवर, मांडी घालून. प्रत्येकाच्या हातात पेला नाहीतर तांब्या. सगळ्यांची तोंडं बिस्किटांच्या चुऱ्यानं माखलेली. टेबलापलीकडे साहेब, हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते, आणि टेबलासमोर, अनवाणी, माझी मुलगी उभी होती.

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, मधात नका घुसू,” ती म्हणाली. “आमचा नंबर हाय.”

मी मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती. मग मी दाराशीच खाली बसलो. मला बोलायचं होतं, पण हसू येत होतं आणि ते हसू डोळ्यांतून येत होतं.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. नवीन बदलून आलेले, बायकामुलं तिकडेच. कामापुरतं बोलायचे. त्यांनी मला न्याहाळलं. एक बूट, चिखल, गालावर दाढी करताना कापल्याची चीर.

“आनंदराव, ही मुलं मागच्या दारानं आली. रांगेनं आली. पाणी हवंय म्हणतात. मी विचारलं, बाळ, तुझे बाबा काय करतात, तर ही म्हणते, माझे बाबा टेबल आहेत. हा काय प्रकार आहे?”

“खरं आहे, साहेब,” मी म्हणालो.

“मी मघापासून घंटा वाजवतोय. यांना पाणीसुद्धा मीच ओतून दिलं. माझं ऑफिस कुठं आहे?”

“तळ्यात आहे, साहेब.”

“तळ्यात?”

“कंबरभर पाण्यात.”

सोफ्यावरून इश्वर मध्येच बोलला. त्याच्या एकाच पायात चप्पल होती. “आमी पहिले तलावावरच गेलतो. पानी आनाले. पन आजीनं सांगतलं हाय ना, मोठं मानूस संगं नसन तं तलावात पाय नाही टाकाचा. मंग आमी वापस फिरलो. मंग सुजाता म्हने, साहेब पानी देते.”

साहेब उठले. व्हरांड्यात आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं टोले द्यायला सुरुवात केली. ते टोले तलावापर्यंत गेले. तिथून सगळी माणसं धावत आली ती वाईटच ऐकायच्या तयारीनं. त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. आणि व्हरांड्यात ओळीनं उभी असलेली, हातात पेले घेतलेली पोरं दिसल्यावर त्या चेहऱ्यांचं जे झालं तेही. आयांनी आधी पोरांना कवटाळलं, मग एकेक धपाटा घातला, मग पुन्हा कवटाळलं. काही पोरांना चुकून दोन-दोन आयांचे धपाटे बसले. पुंडलिकराव निथळत उभे होते. त्यांनी इश्वरला उचललं नाही, नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

या गोंधळात सुजाता साहेबांच्या पँटला धरून उभी होती.

“कधी देता पाणी?” तिनं विचारलं.

आमच्या ऑफिसात हा प्रश्न रोज येतो. त्याची ठरलेली उत्तरं आहेत आणि ती सगळी मला पाठ आहेत. भैयाजी, धोतराचं पाणी पिळत, हलकेच पुढे झाले. “साहेब, परवानगीत अट हाय. कालव्याचं पानी देता येत नाही.”

“ही अट कोणी घातली?”

“टेबलानं,” भैयाजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. मग सुजाताकडे. “विश्रामगृहाच्या बागेला विहिरीचं पाणी आहे,” ते म्हणाले. “त्याला काही अट नाही. आज संध्याकाळी देतो. पण नळी धरायला माणसं लागतील.”

सगळ्या बालवाडीनं हात वर केले.

बांधीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. धान आलं. थोडं शेळ्यांनी खाल्लं, थोडं पाखरांनी, पण आलं. कापणीला विळे पोरांच्या हाती द्यावेत की नाही यावर पुन्हा एक सभा झाली आणि सासूबाईंनी ती एका वाक्यात मोडली. साहेब भात खायला पोरांच्या पंगतीत सतरंजीवर बसले. आणि जाताना मला एवढंच म्हणाले की त्यांचा धाकटा या पोरांएवढाच आहे, दिवाळीत त्याला इकडेच घेऊन येतो.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवसाची संध्याकाळ. बागेच्या नळीनं पाणी देऊन झालं होतं. सुजाता चिखलाच्या पायांनीच माझ्या मांडीवर झोपून गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मी हललो नाही. तिच्या उजव्या कोपराशी एक बारीक तीळ होता. तो मी बघत बसलो. वच्छला चुलीपाशी होती आणि काहीतरी गुणगुणत होती. सासूबाईंनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. “घ्या, बापू,” म्हणाल्या. टोमणा नाही, काही नाही. त्यांचेही डोळे सुजलेले.

तेवढ्यात दारात पुंडलिकराव आले. कोरडे कपडे, विंचरलेले केस, इश्वर खांद्यावर निजलेला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. धुरा, निचरा, नळीचा उतार, काहीतरी असणारच. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मांडीकडे खूण केली.

पुंडलिकराव तसेच उभे राहिले. मग हळूच आत आले, माझ्या शेजारी सतरंजीवर बसले, इश्वरला खांद्यावरून मांडीवर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसून राहिलो.